गाड्यांच्या सामूहिक फोटोशूटनंतर: निवड, संपादन आणि वाटप

जुन्या गाड्या जपणाऱ्या पुण्यातल्या आमच्या मंडळींची हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी ताम्हिणी घाटाकडे फेरी निघते. पहाटे साडेपाचला चांदणी चौकात जमायचे, पौडला चहा घ्यायचा आणि मुळशी जलाशयाच्या कडेकडेने जाऊन, ऊन डोंगरावरून खाली उतरण्याच्या आत, एखाद्या मोकळ्या माळावर गाड्या ओळीने लावायच्या, असा शिरस्ता आहे. प्रीमियर पद्मिनी, कॉन्टेसा, पहिल्या पिढीतली मारुती ८००, जिप्सी, एखादी स्टँडर्ड हेराल्ड अशा बारा-चौदा गाड्या असतात आणि तीन-चार जणांकडे कॅमेरे असतात. पहिल्या वर्षी छायाचित्रांची जबाबदारी मी हौसेने अंगावर घेतली आणि पुढचे दोन महिने ती निस्तरत बसलो. चौदाशे छायाचित्रांतून कुणाच्या गाडीची साठ निघाली, तर कुणाच्या गाडीची दोनच. एका गाडीचा रंग माझ्या हातून बदलला. आणि जी चाळीस छायाचित्रे मी अखेर व्हॉट्सॲपवर टाकली, ती छापायला गेलेल्या दोघांच्या हाती धूसर कागद आले.

तेव्हापासून जी पद्धत हळूहळू बसत गेली, ती येथे क्रमाने देत आहे. गाडीचे छायाचित्र कसे काढावे हा या लेखाचा विषय नाही. घरी परतल्यावर कार्डांतल्या ढिगाचे काय करावे, एवढाच आहे. हे काम निम्मे रंगांचे आणि निम्मे हिशेबाचे आहे, आणि माझ्या अनुभवाने तक्रारी येतात त्या बहुतेक हिशेबाच्या बाजूने.

आधी जवळ काय असावे

• गाड्यांची आणि मालकांची यादी (ती कशी करावी हे पहिल्या टप्प्यात दिले आहे).
• रॉ फाइली (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फाइली) उघडणारे सॉफ्टवेअर. लाइटरूमला दरमहा पैसे मोजावे लागतात. डार्कटेबल आणि रॉथेरपी विनामूल्य आहेत आणि या कामाला पुरतात. केवळ मोबाइलवर काम करणाऱ्यांनी स्नॅपसीड घ्यावे.
• डाग व प्रतिबिंबे पुसण्यासाठी फोटोशॉप किंवा विनामूल्य मिळणारे गिम्प.
• दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्क. एकीवर भागणार नाही.
• राखाडी कार्ड, म्हणजे रंग तपासण्यासाठीचा तटस्थ राखाडी पुठ्ठा. छायाचित्रणाच्या साहित्याच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळते आणि पुढचे बरेच वाद वाचवते.

१. निघण्यापूर्वी यादी, संमती आणि घड्याळे

प्रत्येक गाडीसाठी एक ओळ, अशी यादी करावी: मालकाचे नाव, मॉडेल, रंग, फोन क्रमांक. त्यापुढे दोन प्रश्नांची उत्तरे लिहून घ्यावीत. नंबरप्लेट दिसलेली चालेल का, आणि छायाचित्र गटाच्या बाहेर, म्हणजे इन्स्टाग्राम वगैरेंवर, गेलेले चालेल का? ही उत्तरे तोंडी न घेता मेसेजवर घ्यावीत, कारण चहाच्या टपरीवर दिलेला होकार महिनाभराने कुणालाच नीट आठवत नाही. बरोबर लहान मुले असतील, तर त्यांच्याविषयी वेगळे विचारावे.

दुसरे काम घड्याळांचे. सर्व छायाचित्रकारांनी निघताना एकाच मोबाइलवरच्या, सेकंद दाखवणाऱ्या घड्याळाचा प्रत्येकी एक फोटो काढावा. एका वर्षी आमचा एक मित्र दुबईहून नुकताच परतला होता आणि त्याच्या कॅमेऱ्याचे घड्याळ तिथल्याच वेळेवर, म्हणजे आपल्यापेक्षा दीड तास मागे, राहिले होते. सगळी छायाचित्रे वेळेनुसार लावली, तेव्हा माळावर पावणेसहाला लख्ख ऊन पडलेले दिसू लागले आणि त्याच्या चारशे फाइली भलत्याच ठिकाणी घुसल्या. घड्याळाचा फोटो असेल तर फरक नेमका कळतो, आणि निवडलेल्या सगळ्या फाइलींच्या वेळेत तेवढी दुरुस्ती लाइटरूम किंवा डार्कटेबलमध्ये एकदम करता येते.

तिसरे काम माळावर पोहोचल्यावरचे. प्रत्येक गाडीजवळ, ती ज्या उजेडात उभी आहे त्याच उजेडात, राखाडी कार्ड धरून एक फोटो काढून ठेवावा. याचा उपयोग पाचव्या टप्प्यात येईल.

२. परतल्यावर आधी दोन प्रती

त्याच रात्री सगळ्यांची कार्डे गोळा करावीत किंवा निदान त्यांच्या प्रती मागवाव्यात. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबी भरते, तेव्हा बाराशे फोटो म्हणजे ३० ते ३५ जीबी झाले. ते दोन वेगळ्या डिस्कवर उतरवावेत, दोन्हीकडची फाइलसंख्या जुळते की नाही हे पाहावे, आणि त्यानंतरच कार्ड पुसावे. फोल्डरचे नाव वर्ष, महिना, दिवस आणि जागा या क्रमाने द्यावे, म्हणजे पाच वर्षांनीही ते आपोआप तारखेनुसार लागतात. त्याच्या आत प्रत्येक छायाचित्रकाराचा वेगळा फोल्डर ठेवावा. श्रेय कुणाला द्यायचे, हे नंतर तिथूनच कळते.

३. निवड

नवखा माणूस सगळ्यात जास्त वेळ घालवतो तो येथे, आणि तोही उलट्या क्रमाने. पहिल्या फेरीत चांगले शोधू नये. फक्त वाईट काढावे. हललेले, फोकस चुकलेले, कुणाचे डोके बोनेटमागून उगवलेले, बंपरपाशी चहाचे कागदी पेले पडलेले, असे सगळे एका बटणाने बाद करत जावे आणि एका छायाचित्रावर दोन सेकंदांपेक्षा जास्त थांबू नये. फोकस तपासायचा तो कॅमेऱ्याला जवळच्या हेडलाइटवर किंवा ग्रिलवरच्या चिन्हावर. मागची डिकी थोडी धूसर असली तरी चालते, पण हेडलाइट धूसर असेल तर छायाचित्र वाया गेले असे समजावे.

ताफ्यात नवी गाडी असल्यास तिच्या एलईडी दिव्यांकडे विशेष लक्ष द्यावे. हे दिवे डोळ्यांना सलग पेटलेले दिसत असले, तरी त्यांतले पुष्कळसे सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करत असतात. शटरचा वेग जास्त असला की ओळीने घेतलेल्या पाच छायाचित्रांपैकी दोहोंत एक दिवा विझलेला निघतो, आणि मालकाच्या नजरेला तेवढेच पडते. जुन्या गाड्यांच्या हॅलोजन दिव्यांचा असा त्रास नाही.

चालत्या गाडीची छायाचित्रे वेगळी काढून ठेवावीत. गाडी ताशी चाळीसच्या आसपास आणि शटर १/६० सेकंद असेल, तर चाके फिरताना दिसतात. शटर १/१००० असेल, तर तीच गाडी रस्त्याच्या मधोमध उभी केल्यासारखी वाटते. अशा गोठलेल्या चाकांना संपादनात फिरवण्याचा मोह आवरावा. चाक कोनातून पाहिले की लंबगोल दिसते, आणि त्या लंबगोलाला धरून धूसरपणा घालणे हे चांगल्या सरावाचे काम आहे. मी दोनदा करून पाहिले, आणि दोन्ही वेळा चाक चिखलात फसल्यासारखे दिसले.

दुसऱ्या फेरीत यादी समोर ठेवावी. प्रत्येक गाडीची निदान चार छायाचित्रे हवीत: समोरून तिरके, मागून तिरके, आतले किंवा एखाद्या बारकाव्याचे, आणि मालकासह एक. त्यानंतर आवडीप्रमाणे भर घालून गाडीमागे दहा-बाराच्या पुढे जाऊ नये. देखण्या गाडीपाशी कॅमेरे घुटमळतात हे स्वाभाविक आहे. लाल हेराल्डची अडीचशे आणि शेजारच्या पांढऱ्या ८०० ची नऊ, असा हिशेब आमच्याकडे एकदा निघाला. ८०० चे मालक ती गाडी रात्री नगरहून चालवत आले होते. यादी असेल तर निदान निवडीत हा तोल सावरता येतो, आणि पुढच्या खेपेस कुणाला कुठे उभे करायचे तेही कळते.

४. उजेडानुसार गट आणि पायाभूत दुरुस्ती

एका छायाचित्रावर केलेल्या दुरुस्त्या बाकीच्यांवर एकदम चढवण्याची सोय सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये असते, आणि तिच्यामुळेच हे काम दोन संध्याकाळींत होते. मात्र त्या दुरुस्त्या सगळ्या दिवसावर सरसकट चढवणे ही मोठी चूक आहे. डिसेंबरात पुण्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्याआधीची सावलीतली छायाचित्रे निळसर असतात, नंतरच्या पाऊण तासातली सोनेरी आणि नऊनंतरची पांढरट. म्हणून आधी असे तीन गट पाडावेत, प्रत्येक गटातले एक छायाचित्र नीट बसवावे आणि ते त्या गटापुरतेच चढवावे. छायाचित्रकारांचे कॅमेरे वेगळ्या कंपन्यांचे असतील, तर कॅमेऱ्यागणिक पुन्हा उपगट करावेत, कारण त्यांचे मूळ रंगच वेगळे असतात.

पायाभूत दुरुस्तीत क्रम असा ठेवावा: लेन्सची वक्रता काढणे, छायाचित्र सरळ करणे, पांढऱ्या रंगाचा समतोल (उजेडाची निळी-पिवळी झाक काढणे), एकूण उजेड आणि शेवटी कातरणे. सरळ करताना गाडीचा किंवा रस्त्याचा आधार घेऊ नये, कारण घाटात रस्ता मुळातच उतरता असतो. विजेचा खांब किंवा जलाशयाच्या पाण्याची रेषा पाहावी. कातरताना गाडी ज्या दिशेला तोंड करून आहे त्या बाजूला जास्त जागा सोडावी.

५. गाडीचा रंग

आमच्या गटात एक ज्येष्ठ काका आहेत. त्यांची गडद निळी कॉन्टेसा त्यांनी मूळ रंगाची छटा जुळवून रंगवून घेतली आहे आणि त्या छटेसाठी रंगाऱ्याकडे चार खेपा घातल्या आहेत. पहिल्या वर्षी मी आकाश खुलवण्यासाठी निळ्या रंगाची पट्टी (सॉफ्टवेअरमधला स्लायडर) थोडी जांभळ्याकडे सरकवली. आकाश सुरेख झाले. काकांनी छायाचित्र पाहिले, फोन केला आणि शांतपणे एवढेच म्हणाले, “फोटो छान आहे हो, पण ही माझी गाडी नव्हे.” मग मी नीट पाहिले, तर तिच्या दारांवर वांग्याची झाक आली होती.

याचे कारण सरळ आहे. रंगांच्या पट्ट्या आकाश आणि पत्रा यांत भेद करत नाहीत; निळा तेवढा सगळा निळा एकदम सरकतो. म्हणून आकाशाला जे करायचे ते आकाशापुरते मास्क करूनच, म्हणजे तेवढाच भाग निवडून, करावे, आणि गाडीच्या रंगाला शक्यतो हात लावू नये. शंका आली, तर त्या गाडीजवळ काढलेला राखाडी कार्डाचा फोटो उघडावा आणि समतोल त्यावरून घ्यावा. संगणकाच्या पडद्यावर रात्री आपोआप पिवळेपणा आणणारी सोय असेल, तर ती संपादनापुरती बंद ठेवावी; रात्री अकराला बरोबर वाटलेले रंग सकाळी निळे दिसतात, त्याचे कारण बहुधा तेच असते.

रंगांगणिक त्रासही वेगळा असतो. लाल गाडीत लाल रंगाची वाहिनी (छायाचित्राच्या लाल, हिरव्या, निळ्या थरांपैकी लाल थर) बाकीच्यांच्या आधी भरून जाते आणि दाराच्या कडा, मडगार्डची वळणे नाहीशी होऊन गाडी लाल कागदातून कापल्यासारखी सपाट दिसते. अशा वेळी उजेड थोडा उतरवावा आणि लालाची तीव्रता कमी करावी. पांढऱ्या गाडीचा टप आणि बोनेट उन्हात जळून जातात, म्हणून तिचा उजेड नेहमी बोनेटकडे पाहून ठरवावा. काळ्या गाडीत तर रंग असा दिसतच नाही. तिच्यात जे दिसते ते भोवतालचे प्रतिबिंब असते.

६. प्रतिबिंबे, काचा आणि आकाश

चकचकीत दारात छायाचित्रकार स्वतः दिसतो, आणि त्याने पिवळे जॅकेट घातले असेल तर फारच दिसतो. हे पुसताना आपोआप दुरुस्ती करणारे साधन वापरल्यास पत्र्यावर डाग पडल्यासारखी पुसट चकती राहते, कारण पत्र्याचा रंग सलग बदलत जाणारा असतो. त्याऐवजी एका जागेचा रंग उचलून दुसरीकडे उमटवणाऱ्या क्लोन साधनाची तीव्रता दहा-पंधरा टक्क्यांवर ठेवून, जवळच्याच पट्टीतला रंग उचलत, पत्र्याच्या वळणाच्या दिशेने हात फिरवावा. वेळ लागतो, पर्याय एवढाच की पुढच्या वेळी सगळ्यांनी गडद कपडे घालून यावे.

पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, लावलेल्या छायाचित्रांत काचेवरची चकाकी कमी होते, पण बाजूच्या आणि मागच्या काचांवर कधीकधी निळसर-जांभळे ठिपके किंवा पट्टे उमटतात. तो काचेतला दोष नव्हे. काच तापवून कडक करताना तिच्यात राहिलेला ताण पोलरायझरमुळे दिसू लागतो. पुढची काच लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली) असल्याने तिच्यावर असे ठिपके सहसा येत नाहीत. त्या काचेपुरता मास्क करून रंगांची तीव्रता उतरवली की बहुतेक काम होते.

आकाश बदलून देणारे बटण आता सगळीकडे आले आहे. ते वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आकाश बदलते, पण बोनेटवर आणि काचेत पडलेले जुने आकाश तसेच राहते. वर संध्याकाळचे तांबूस ढग आणि बोनेटवर सकाळची कोरी पांढरी चमक, असा प्रकार गाडीवाल्यांच्या नजरेतून सुटत नाही.

जुन्या गाडीवरचे डाग कुठवर काढावेत, यावर आमच्यात अजून एकमत नाही. धूळ, पाखरांची घाण आणि चिखलाचे शिंतोडे पुसावेत, पोचा आणि गंज ठेवावा, असे मी करतो. पद्मिनीच्या मडगार्डावरचा पोचा कुणीतरी तीस वर्षे सांभाळलेला असतो. मालकाने सांगितले तर अर्थातच काढावा. स्पष्टता वाढवणारी पट्टी मात्र पत्र्यावर जपून वापरावी. ती पॉलिशचे ओरखडे आणि रंगाचा खडबडीतपणा असा काही उठवते की सकाळी तासभर घासलेली गाडी महिनाभर न धुतल्यासारखी दिसते.

७. नंबरप्लेट आणि इतर खुणा

मालकाने स्पष्ट परवानगी दिली नसेल, तर नंबर झाकावा. क्रमांकावरून वाहनाची माहिती दाखवणारी ॲप सर्रास वापरली जातात, आणि दुर्मीळ गाडी कुठे असते हे अनोळखी माणसाला कळावे असे कुणालाच वाटत नाही. झाकताना काळी पट्टी ठोकू नये. पाटीच्या चार कोपऱ्यांना धरून निवड करावी, आत पाटीचाच पांढरा रंग भरावा आणि मग तो किंचित धूसर करावा. नुसतेच धूसर केलेले आकडे छायाचित्र लहान करून पाहिले की पुष्कळदा वाचता येतात.

पाटी झाकली म्हणजे काम संपले असे नाही. उच्च सुरक्षा पाट्यांबरोबर पुढच्या काचेवर आतून जो स्टिकर लावतात, त्यावरही गाडीचा क्रमांक असतो. सोसायटीच्या पार्किंगच्या स्टिकरवर इमारतीचे नाव आणि कधी सदनिकेचा क्रमांकही असतो. शेजारच्या गाडीचा नंबर क्रोमच्या बंपरमध्ये उलटा उमटलेला असतो, हे मला दोन वर्षांनी कळले.

८. फाइली बाहेर काढणे

तीन संच काढावेत. पहिला पूर्ण आकाराचा, जेपेग, दर्जा ९० च्या आसपास. हा मालकांसाठी आणि छपाईसाठी. दुसरा लांब बाजू २०४८ पिक्सेलची, मोबाइलवर पाहण्यासाठी. तिसरा इन्स्टाग्रामसाठी, १०८० बाय १३५० पिक्सेलच्या उभ्या चौकटीत. आडव्या गाडीला उभ्या चौकटीत कोंबताना नाक किंवा शेपूट कापली जाते, म्हणून या संचासाठी छायाचित्रेच वेगळी निवडावीत.

तिन्ही संचांचा रंगपट (फाइलीत रंग कोणत्या मोजमापाने साठवायचे ते) एसआरजीबी ठेवावा. अडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगपटात काढलेली फाइल अनेक ठिकाणी फिकी आणि मरगळलेली दिसते, आणि दोष संपादनावर येतो. निर्यातीच्या चौकटीत जागेची माहिती काढून टाकण्याचा पर्याय असतो, तो निवडावा. छायाचित्रकाराचे नाव मात्र फाइलीत राहू द्यावे. मोबाइलवर काढलेल्या फोटोंत अक्षांश-रेखांश असण्याचा संभव अधिक, आणि शूटच्या पहाटे मालकाने स्वतःच्या गॅरेजसमोर काढून पाठवलेला फोटो त्यांतलाच असतो.

९. वाटप

एकशेऐंशी जेपेग, प्रत्येकी आठ-दहा एमबी धरली तरी दोन जीबीच्या आत बसतात, त्यामुळे गूगल ड्राइव्हच्या विनामूल्य १५ जीबीत हे काम होते. मात्र त्या १५ जीबीत तुमचे जीमेल आणि गूगल फोटोसुद्धा मोजले जातात, हे लक्षात ठेवावे. मुख्य फोल्डरात प्रत्येक गाडीचा वेगळा फोल्डर करावा आणि लिंक केवळ पाहण्याच्या परवानगीने द्यावी. फेरफाराची परवानगी दिलेल्या लिंकवरून एका सदस्याने स्वतःची छायाचित्रे “हलवली” आणि ती बाकीच्यांच्या दृष्टीने नाहीशी झाली, हे आमच्याकडे झाले आहे.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल दाबून लहान केली जाते. तिथे पाठवायचेच असेल, तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी जाते. जशीच्या तशी म्हणजे आतल्या जागेच्या माहितीसकट. आठव्या टप्प्यातली दक्षता येथे उपयोगी पडते.

आधी मालकांना, मग जगाला, हा क्रम सोडू नये. लिंक दिल्यावर आम्ही तीन दिवस थांबतो. त्या अवधीत कुणी एखादे छायाचित्र नको म्हटले, तर कारण न विचारता ते काढतो.

श्रेयाविषयीही आधीच बोलून घ्यावे. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता छायाचित्रकार असतो, आणि हौसेने, मोबदल्याविना काढलेल्या छायाचित्राचा हक्क सामान्यतः त्याच्याकडेच राहतो, गाडी कुणाचीही असो. पैसे देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचे तसे नाही. मालकाने ते घरी लावावे, मित्रांना पाठवावे, याला कुणाची हरकत नसते. पण एखादे गॅरेज किंवा ॲक्सेसरीचे दुकान जाहिरातीसाठी मागू लागले, तर छायाचित्रकार आणि मालक दोघांना विचारावे. कोपऱ्यातले बारीक नाव पुरते; बोनेटभर पसरलेला वॉटरमार्क असलेले छायाचित्र कुणी भिंतीवर लावत नाही.

१०. नंतर काय ठेवावे

बाद केलेल्या रॉ फाइली सहा महिन्यांनी पुसायला हरकत नाही. निवडलेल्या छायाचित्रांच्या रॉ फाइली आणि पूर्ण आकाराचे जेपेग मात्र दोन डिस्कवर कायम ठेवावेत, आणि त्यांतली एक डिस्क दुसऱ्याच्या घरी असावी. मी हे पाळू लागलो त्याला निमित्त एका फियाटचे झाले. मालकाने ती घरच्या अडचणीमुळे विकली आणि वर्षभराने आईच्या खोलीत लावण्यासाठी १२ बाय १८ इंचांची प्रत हवी म्हणून मला विचारले. त्या आकारासाठी, इंचाला ३०० ठिपके धरले, तर ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. त्याच्याकडे उरली होती ती व्हॉट्सॲपवरून आलेली, १६०० पिक्सेलची. माझ्या कपाटातल्या डिस्कवर मूळ फाइल सापडली, लांब बाजूने सहा हजार पिक्सेलची. आणि चौकटीच्या एका कोपऱ्यात, मागच्या दाराच्या काचेला टेकून उभी, त्याची आईही होती.